बॉम्बची भीती आणि वरुणेचा पूर

संग्रहालयाच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपल्या प्रशासनाच्या डोळ्यांसमोर प्रथम चोर उभा राहतो. दाराला कुलूप, दाराशी पहारेकरी आणि अलीकडच्या काळात कॅमेरे, एवढ्यावर 'सुरक्षा व्यवस्था' हा मथळा बहुधा संपतो. वस्तुतः आग, पाणी, भूकंप, युद्ध आणि क्षुब्ध जमाव हेही संग्रहालयाचे तितकेच जुने शत्रू आहेत. एका शत्रूपासून बचाव करताना दुसऱ्याचा विसर पडला तर काय होते, याचे बोलके उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. ते फारसे कोणाच्या स्मरणात नाही, म्हणून येथे सांगतो.

आपल्या वाचकांपैकी जे कोलकात्यात राहतात त्यांना चौरंगीवरचे 'जादूघर' परिचयाचे असेल. एशियाटिक सोसायटीने १८१४ साली स्थापन केलेले हे इंडियन म्युझियम भारतातील सर्वांत जुने संग्रहालय होय. त्याच्या प्राणिशास्त्र व मानवशास्त्र विभागातून १ जुलै १९१६ रोजी भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण ही संस्था जन्मास आली. स्पिरिटच्या बरण्यांत ठेवलेले मासे व सर्प, पेंढा भरलेले पशुपक्षी, टाचणीला लावलेले असंख्य कीटक अशी पिढ्यान्‌पिढ्यांची पुंजी तिच्या स्वाधीन होती. एखाद्या प्राण्याचे शास्त्रीय नाव ज्या मूळ नमुन्याच्या आधारे ठेवले जाते, तसे नमुनेही त्यात होते. शिवाय हडप्पा व मोहेंजोदडो येथील उत्खननांत सापडलेले मानवी सांगाडे अभ्यासासाठी याच संस्थेकडे सोपविण्यात आले होते.

मार्च १९४२ मध्ये जपानी फौजांनी रंगून घेतले. ६ एप्रिल रोजी विशाखापट्टणम व काकिनाडा येथे बॉम्ब पडले. आता पाळी कलकत्त्याची, हे उघड दिसत होते आणि ती भीती खोटीही नव्हती. २० डिसेंबर १९४२ रोजी त्या शहरावर पहिला हवाई हल्ला झाला. अशा परिस्थितीत संस्थेचे स्थलांतर वाराणसीला करण्यात आले. तेथील 'कैसर कॅसल' ही इमारत त्यासाठी मिळाली. वाराणसी आघाडीपासून दूर आणि रेल्वेने जोडलेले शहर होते. हवाई हल्ल्याच्या दृष्टीने पाहिले तर निवड बिनचूक होती.

मात्र ही इमारत वरुणा नदीच्या काठी होती. वरुणा आणि असी या दोन प्रवाहांवरून वाराणसी हे नाव पडले, असे परंपरा सांगते. एरवी ही नदी लहानशी. परंतु गंगा फुगली की वरुणेचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे फिरते आणि काठावर चढते. १९४३ साली वरुणेला पूर आला आणि पाणी संग्रहात शिरले. अनेक नमुन्यांची हानी झाली. सिंधू संस्कृतीच्या सांगाड्यांनाही तिची झळ पोहोचली. चार हजारांहून अधिक वर्षे मातीखाली टिकलेली हाडे सुरक्षिततेसाठी हलविल्यानंतर वर्षभराच्या आतबाहेर पाण्यात सापडली. वाराणसीवर बॉम्ब पडला नाही.

त्या वेळच्या अधिकाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. युद्धाच्या धामधुमीत मिळेल ती जागा घ्यावी लागते. परंतु निर्णयाची रीत तपासण्यासारखी आहे. प्रश्न विचारला गेला तो 'येथे बॉम्ब पडेल काय?' एवढाच. त्याच सुमारास लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत हलविण्यात आली. तेथे खाणीच्या पोटात विटांच्या खोल्या बांधून उष्णता आणि आर्द्रता नियंत्रित करण्यात आली आणि मग १९४१ साली चित्रे आत गेली. साधनांचा फरक मोठा होता हे खरे; पण प्रश्नांचाही फरक होता. बॉम्बबरोबर तेथे ओलाव्याचाही विचार झाला होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रकाराला एक वेगळेच महत्त्व आहे. कारखाना जळाला तर विम्याच्या रकमेतून नवे यंत्र घेता येते. हडप्पाच्या कवटीला बाजारात पर्यायी वस्तू नाही. तिची भरपाई हा शब्दच निरर्थक आहे. जेथे भरपाई अशक्य, तेथे प्रतिबंधावरचा खर्च हाच शहाणपणाचा खर्च. तरीही अंदाजपत्रकात तो नेहमी मागे पडतो, कारण त्याचे यश दिसत नाही. नव्या दालनाचे उद्घाटन होते; न लागलेल्या आगीचे होत नाही.

याची किंमत पुढेही मोजावी लागली. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून आला, तेव्हा ग्रंथ आणि हस्तलिखिते यांची नासधूस झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये झेलमच्या पुराचे पाणी श्रीनगरच्या श्री प्रताप सिंह संग्रहालयात शिरले. २६ एप्रिल २०१६ च्या पहाटेपूर्वी दिल्लीत मंडी हाऊसजवळचे राष्ट्रीय प्राकृतिक इतिहास संग्रहालय आगीत जळाले. १९७८ साली उघडलेले हे संग्रहालय दुसऱ्या संस्थेच्या इमारतीत भाड्याने होते. तेथील आग विझविण्याची यंत्रणा चालू स्थितीत नव्हती, असे अग्निशमन अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितले. जागा एकाची, यंत्रणा दुसऱ्याची आणि संग्रह तिसऱ्याचा, अशी विभागणी असली की पंप चालतो की नाही हे पाहणे नेमके कोणाचे काम, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली संग्रहालयांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, हे योग्यच झाले. परंतु सूचना म्हणजे सिद्धता नव्हे. माझ्या मते प्रत्येक संग्रहालयप्रमुखाने आधी चार साध्या गोष्टी पाहाव्यात. आपल्या इमारतीला कोणकोणते धोके आहेत, याची एकत्र यादी असावी. आधी बाहेर काढावयाच्या वस्तू ठरलेल्या असाव्यात आणि त्या कोठे न्यावयाच्या तेही. ती जागा याच यादीवर तपासून घेतलेली असावी. रात्री दोन वाजता किल्ल्या कोणाकडे असतात, हे पहारेकऱ्याला आणि अग्निशमन दलाला माहीत असावे. आणि नोंदवहीची प्रत दुसऱ्या इमारतीत असावी.

शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत दुर्लक्षित. कोणत्या थरात, कोणत्या साली, कोणाला सापडले ही माहिती पुसली गेली की सांगाडा हा केवळ हाडांचा ढीग उरतो आणि बरणीतला मासा केवळ मासा. वस्तू वाचली आणि नोंद गेली, तर निम्मे संग्रहालय गेलेच म्हणावयाचे. निदान या एका बाबतीत तरी निधीअभावी काम रखडले, असे कोणालाही म्हणता येणार नाही.