आत्म्यांची वही

धर्मगुरूच्या कार्यास ख्रिस्तसभा प्राचीन काळापासून ‘आत्म्यांचा सांभाळ’ असें म्हणत आली आहे. हे शब्द ऐकून कित्येकांस वाटतें कीं, विगाराचा संबंध काय तो मरणोत्तर जीवनाशीं. भाकर, आजार, एकाकीपण हे विषय त्याच्या कक्षेबाहेरचे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

सन १३१२ मध्यें व्हिएन येथील धर्मपरिषदेनें असें ठरविलें कीं, विवेकशील आत्मा हेंच मानवी देहाचें रूपतत्त्व होय. आत्म्यामुळेंच देह हा माणसाचा देह ठरतो. अर्थात् आत्म्याची काळजी वाहणें म्हणजे सबंध माणसाची काळजी वाहणें होय.

तत्पूर्वींच, सन ५९० च्या सुमारास, संत ग्रेगरी महान यांनीं धर्मपालांसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत दाखवून दिलें होतें कीं, श्रीमंतास व दरिद्र्यास, आनंदितास व दुःखितास एकच उपदेश लागू पडत नाहीं. सन १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनें प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती माणसास वर्षांतून एकदां तरी पापनिवेदन करण्याची आज्ञा केली, आणि तें ऐकणाऱ्या गुरूनें कुशल वैद्याप्रमाणें वागावें असें सांगितलें.

परंतु ज्यास ओळखत नाहीं, त्यास औषध कसें द्यावें? म्हणून सन १६१४ मध्यें, पोप पांचवे पॉल यांच्या कारकीर्दींत निघालेल्या रोमन विधिग्रंथांत विगारासाठीं ‘आत्म्यांची वही’ नेमून दिली. तींत प्रत्येक कुटुंब वेगळें नोंदावयाचें. प्रत्येकाचें नांव, आडनांव व वय लिहावयाचें. इतकेंच नव्हे, तर त्या घरीं परका म्हणून राहणाराही वगळावयाचा नाहीं. धन्याच्या नांवाखालीं आश्रिताचेंही नांव आलें, कारण आत्मा दोघांसही सारखाच.

असा सांभाळ प्रसंगीं किती महाग पडतो, हें सन १५७६ च्या मिलान येथील प्लेगांत दिसलें. पुष्कळ अधिकारी शहर सोडून गेले. आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ मात्र तेथेंच राहिले. त्यांनीं रोग्यांस अन्नवस्त्र पुरविलें, आणि घरांत कोंडलेल्या लोकांस खिडकींतून मिस्सा पाहतां यावी म्हणून रस्त्यांवर वेद्या उभारविल्या.

सन १९८३ च्या धर्मविधिसंहितेनें ही वही सर्वत्र सक्तीची ठेविली नाहीं. तथापि विगारानें कुटुंबांस भेटी द्याव्या, दरिद्री, पीडित व एकाकी जनांस विशेष आस्थेनें शोधावें, हें कर्तव्य कायम ठेविलें. त्याच संहितेचा शेवटचा नियम सांगतो कीं, आत्म्यांचें तारण हाच ख्रिस्तसभेंत सर्वश्रेष्ठ कायदा होय.

ज्युबिलीच्या वर्षीं आपण देवळाचीं वर्षें मोजतों, तें योग्यच आहे. त्यासोबत, वाचकहो, आपल्या शेजारचें एखादें नांव आपल्या स्मरणांतून गळालें तर नाहीं ना, हेंही प्रत्येकानें पहावें.