टपालाची वाट आणि खिशातला फोन

आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून टपालाची तिकिटे छापली जात आहेत. त्या एवढ्याशा कागदावर माणसाचा शब्द सातासमुद्रापार जातो. शब्दाबरोबर धाकही जातो, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही. आज नवरा बायकोच्या फोनवर पाळत ठेवतो, तिचे निरोप चोरून वाचतो, ती कुठे आहे ते घरबसल्या पाहतो, आणि आपण म्हणतो, हे सारे नव्या यंत्रांचे पाप! इतिहासाच्या शिक्षकाला हे पुरते पटायचे नाही.

डॉ. आनंदीबाई जोशींचेच घ्या. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव बिजवर, वयाने बराच मोठा, आणि नोकरी टपालखात्यात कारकुनाची. बायकोला शिकवायचा त्यांनी ध्यास घेतला, त्यापायी लोकनिंदा सोसली, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. पण शिकवताना हात उगारणारेही तेच. टपालाची ताकद त्यांना पक्की ठाऊक होती. वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला त्यांनी पत्र घातले, वाइल्डरांनी ते आपल्या मासिकात छापले, आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी ते दंतवैद्याकडे बसल्या असताना वाचले! पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ च्या ७ एप्रिलला आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव तेव्हा इकडेच राहिले.

मारणारा हात आता दूर होता. पण पत्रे होती ना! काय खावे, काय नेसावे, कसे वागावे, याचे खुलासे आनंदीबाईंना कागदावर करावे लागत. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे त्यांची पत्रे आपल्यापर्यंत पोचली. अशाच एका पत्रात त्यांनी नवऱ्याला जुन्या गोष्टींची आठवण दिली आहे : दहाव्या वर्षी लाकडाने खाल्लेला मार, अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या. हे समोरासमोर बोलण्याची सोय तेव्हाच्या बाईला कुठून असणार? कागदावर मात्र ते उतरले.

मला वाटते, इथे टपालाची दिरंगाईच आनंदीबाईंच्या कामी आली. पत्र जाऊन उत्तर यायला दोन महिने सहज लागत. रागाचे पत्र हाती पडले तरी जाब विचारणारा दारात उभा नसे. १८८६ च्या ११ मार्चला त्या डॉक्टर झाल्या. पुढे वर्षभरातच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या.

आजच्या फोनने नेमका हा अवकाश काढून घेतला. निरोप वाचल्याची खूण उमटते आणि दुसऱ्याच क्षणी 'उत्तर का नाही?' म्हणून विचारणा येते. बाई माहेरी असो की कचेरीत, नवरा खिशातच असतो म्हणा ना!

कायदा सावकाश जागा झाला. बाईच्या इंटरनेटवर वा ई-मेलवर पाळत ठेवणे २०१३ पासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आला. नवऱ्याने बायकोचे बोलणे चोरून टेप करणे हा तिच्या खाजगीपणाचा भंग आहे, असे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १४ जुलै २०२५ रोजी घटस्फोटाच्या दाव्यात अशी ध्वनिमुद्रणे पुरावा म्हणून चालतील असा निर्णय दिला. छळ सोसणाऱ्या बाईला त्याचा उपयोग होईल, हे कबूल. पण पुष्कळ घरांत फोन घेऊन देणारा नवरा, आणि त्याचा पासवर्डही त्यालाच ठाऊक. तिथे ध्वनिमुद्रण कोणाच्या हाती पडेल, ते तुम्हीच बघा.

त्यापेक्षा मला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातले १८ वे कलम मोलाचे वाटते. नवऱ्याने बायकोशी तोंडी, लेखी, फोनवरून किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने, कसलाच संपर्क साधू नये, असा हुकूम दंडाधिकारी त्यान्वये देऊ शकतो. आनंदीबाईंना समुद्राने दिलेले अंतर आज दंडाधिकाऱ्याच्या कोर्टात अर्ज करून मागता येते.