झीन म्हणजे काय? झेरॉक्सवर वाढलेल्या पंकची गोष्ट

झीन म्हणजे स्वतः लिहिलेलं, स्वतः छापलेलं आणि स्वतःच वाटलेलं छोटं मासिक. हा शब्द 'फॅनझीन'वरून आला. 1930 च्या दशकात अमेरिकेतले विज्ञानकथांचे चाहते अशी मासिकं काढायचे. पुढे पंक या बंडखोर रॉक संगीताने झीनला आपलंसं केलं.

जुलै 1976 मध्ये लंडनमधल्या मार्क पेरी या 19 वर्षांच्या बँक क्लार्कने 'स्निफिन ग्लू' सुरू केलं. तो रामोन्स या अमेरिकन बँडने झपाटला होता, पण पंकबद्दल वाचायला फारसं काही मिळत नव्हतं. टाइपरायटरवर मजकूर, स्केचपेनने मथळे, मग झेरॉक्स आणि स्टेपलर. खाडाखोडही तशीच छापली जायची. सुरुवातीला जेमतेम 50 प्रती निघाल्या. वर्षभरात खप हजारोंवर गेला.

तरीही पेरीने 1977 मध्येच ते बंद केलं. मोठ्या रेकॉर्ड कंपन्या पंक बँडशी करार करत होत्या आणि पंकचा बाजार होतोय, असं त्याला वाटत होतं. वाचकांनी आपापली झीन काढावीत, असा त्याचा आग्रह होता. अनेकांनी ती काढलीही.

1990 च्या दशकात अमेरिकेतल्या 'रायट गर्ल' चळवळीतल्या मुलींनी याच झेरॉक्स पानांवर लैंगिक अत्याचाराचे अनुभव मांडले. त्यासाठी त्यांना कुठल्या संपादकाची परवानगी लागली नाही.