व्हर्सायचा राजवाडा व उद्याने
फ्रान्समधील इतिहासप्रसिद्ध राजवाडा व उद्यानसमूह. पॅरिसच्या नैर्ऋत्येस सु. २० किमी. अंतरावर तो वसला आहे. निरंकुश राजसत्तेचे प्रतीक म्हणून त्याची ख्याती असली, तरी प्रेक्षणीय स्थळ म्हणून त्याचा इतिहासही तितकाच बोधप्रद आहे. बहुतेक राजवाडे राजसत्ता लयास गेल्यावर लोकांना पाहावयास मिळाले. व्हर्साय मात्र प्रारंभापासूनच पाहण्याची व दाखविण्याची वास्तू होती.

तेराव्या लूईने (कार. १६१०–४३) १६२३ मध्ये येथे शिकारीसाठी एक लहान निवासस्थान बांधले. दलदलीच्या या जागी चौदाव्या लूईने (कार. १६४३–१७१५) १६६१ पासून विस्ताराचे काम हाती घेतले. लूई ल व्हो व त्याच्यानंतर झ्यूल आर्द्वँ-मांसार हे वास्तुकार, शार्ल ल ब्रं हा चित्रकार आणि आंद्रे ल नोत्र हा उद्यानरचनाकार यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. ६ मे १६८२ रोजी दरबार व शासनयंत्रणा येथे आली. सरदारवर्गाला राजाच्या नजरेसमोर ठेवणे, हा या स्थलांतराचा एक प्रमुख हेतू होता. १६७८–८४ दरम्यान उभारलेल्या आरसेमहालाची लांबी ७३ मी. असून त्यात ३५७ आरसे बसविले आहेत. आरसे बनविण्याची मक्तेदारी तोवर व्हेनिसकडे होती. त्यामुळे फ्रान्समध्ये तयार झालेले हे आरसे औद्योगिक सामर्थ्याचेही प्रदर्शन ठरले.

उद्यानांची रचना पूर्व-पश्चिम अक्षावर आधारलेली आहे. राजवाड्याच्या गच्चीवरून पाहिले असता फुलांचे वाफे, लटोनेचे कारंजे, हिरवळीची वीथी, सूर्यदेव अपोलोच्या रथाचे कारंजे आणि त्यापलीकडे सु. १,६७० मी. लांबीचा महाकालवा असे दृश्य क्षितिजापर्यंत जाते. दोन्ही बाजूंस कापून आकार दिलेल्या झाडांच्या भिंतींआड कुंज दडविलेले आहेत. सूर्य हे चौदाव्या लूईचे बोधचिन्ह असल्याने अपोलो व त्याची माता लटोना यांची शिल्पे येथे केवळ शोभेसाठी नाहीत. ती राजमहिम्याची भाषा आहे. ही भाषा परक्यांना नीट वाचता यावी, म्हणून १६८९ ते १७०५ या काळात राजाने उद्याने कशी दाखवावीत यासंबंधीची टिपणे वेळोवेळी तयार केली. कोठून निघावे, कोठे थांबावे, कोणत्या दिशेस वळून काय पाहावे, याचा क्रम त्यांत दिला आहे. राजाने स्वतः सिद्ध केलेली ही प्रवासमार्गदर्शिकाच होय.

या वैभवाची खरी अडचण पाण्याची होती. परिसरात मोठी नदी नसल्याने १६८१–८५ दरम्यान सेन नदीवर मार्ली येथे चौदा चाकांचे एक प्रचंड यंत्र उभारून पाणी दीडशे मीटरांहून अधिक उंचीवर चढविण्यात आले. तेही अपुरे पडले. त्यामुळे सर्व कारंजी एकाच वेळी चालविणे शक्य नव्हते. राजा जवळ येताच शिट्टीच्या इशाऱ्याने पुढचे कारंजे सुरू करीत व तो दूर जाताच मागचे बंद करीत. यर नदीचे पाणी कालव्याने आणण्याची योजना १६८५ मध्ये सुरू झाली. परंतु अनेक सैनिक-मजूर रोगराईने दगावले आणि १६८८ मध्ये सुरू झालेल्या युद्धामुळे ती सोडून द्यावी लागली. तिचे अर्धवट राहिलेले जलसेतू आजही पाहावयास मिळतात.

राजवट असतानाही व्हर्सायमध्ये सामान्य जनांस प्रवेश होता. पुरुषाजवळ तलवार व टोपी असणे आवश्यक असे; ज्याच्याजवळ ती नसत त्याला प्रवेशद्वाराशी भाड्याने मिळत. राजाचे सार्वजनिक भोजन पाहण्यासही लोक येत. परदेशी वकिलातींचे स्वागत हा तर दिखाव्याचा विशेष प्रसंग असे. टिपू सुलतानाने इंग्रजांविरुद्ध साहाय्य मिळविण्यासाठी पाठविलेल्या वकिलातीस १० ऑगस्ट १७८८ रोजी सोळाव्या लूईने येथेच भेट दिली; तथापि तीतून लष्करी करार निष्पन्न झाला नाही. फ्रेंच खजिना तेव्हा रिकामा झाला होता. पुढील वर्षी, ५ ऑक्टोबर १७८९ रोजी, पॅरिसमधील स्त्रिया भाकरीची मागणी करीत व्हर्सायवर चालून आल्या आणि दुसऱ्या दिवशी राजकुटुंबास पॅरिसला जावे लागले.

क्रांतिकाळात वाड्यातील सामान १७९३–९४ मध्ये सु. १७,००० गटांत लिलावाने विकले गेले. ओसाड पडलेली ही वास्तू लूई फिलिपने (कार. १८३०–४८) फ्रान्सच्या इतिहासाचे संग्रहालय करून वाचविली. १० जून १८३७ रोजी ते खुले झाले. मात्र त्यासाठी दरबाऱ्यांची अनेक दालने पाडण्यात आली. १८३९ मध्ये लोहमार्ग आल्यावर पॅरिसचे नागरिक सुटीच्या दिवशी कारंजी पाहावयास लोटू लागले. ८ मे १८४२ रोजी असाच उत्सव पाहून परतणाऱ्या गाडीस अपघात होऊन आग लागली. डब्यांची दारे बाहेरून बंद असल्याने पन्नासांहून अधिक प्रवासी जळून मेले. त्यानंतर दारे बंद करण्याची प्रथा फ्रान्समध्ये सोडून देण्यात आली.

आरसेमहालातच १८ जानेवारी १८७१ रोजी जर्मन साम्राज्याची घोषणा झाली आणि २८ जून १९१९ रोजी पराभूत जर्मनीशी तह झाला. भारताच्या वतीने त्यावर एडविन माँटेग्यू व बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सह्या केल्या. १९७९ मध्ये राजवाडा व उद्याने यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. डिसेंबर १९९९ मधील वादळात सु. दहा हजार झाडे उन्मळली. त्या निमित्ताने ल नोत्रच्या आराखड्यानुसार पुनर्लागवड करण्यात आली. २०१८ मध्ये प्रेक्षकांची संख्या ८० लाखांवर गेली होती.

राजाची थोरवी पाहून लोकांनी नतमस्तक व्हावे, या हेतूने व्हर्सायची निर्मिती झाली. पुढे त्याच लोकांनी राजाला तेथून नेले आणि अखेर त्यांच्याच कुतूहलामुळे ही वास्तू टिकली. वाटा राजाने आखलेल्या असल्या, तरी त्यांवरून चालणारा आज तेथे प्रजाजन म्हणून येत नाही. आणि लटोनेच्या कारंज्याशी उभे राहून कालव्याकडे पाहताना मार्लीचे यंत्र व यरकाठचे मजूर ज्याला आठवतात, त्यालाच या उद्यानांचे संपूर्ण दर्शन घडते.