'रोहना'च्या डेकवर

२५ नोव्हेंबर १९४३. अल्जेरियातलं ओरान बंदर. तुम्ही 'रोहना'च्या डेकवर उभे आहात आणि शिडीवरून वर येणारी अमेरिकन सैनिकांची रांग संपता संपत नाही. जवळजवळ दोन हजार पोरं आहेत ही. त्यांचा आज थँक्सगिव्हिंगचा सण आहे. घर सोडून आलेली, विशीतली. बरेचजण ८५३व्या इंजिनिअर बटालियनचे, म्हणजे विमानतळ बांधणारे. सुएझमार्गे हिंदुस्थानात उतरायचं आणि चीन-ब्रह्मदेश आघाडीसाठी धावपट्ट्या तयार करायच्या, हे त्यांचं काम.

जहाज तुमच्या ओळखीचं वाटेल. १९२६ साली इंग्लंडात टाईन नदीकाठी बांधलेलं, ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं. लढाईपूर्वी ते मद्रासहून पेनांग-सिंगापूरच्या वाऱ्या करायचं, आणि डेकवर पथारी टाकून मजूर, व्यापारी, बायकापोरं प्रवास करायची. १९४० साली ब्रिटिश सरकारने ते सैन्य वाहायला घेतलं. वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात, गोरे अधिकारी आहेत. पण दोर ओढणारे, सुकाणू धरणारे, बॉयलरपाशी घाम गाळणारे, भटारखान्यात रांधणारे हात हिंदुस्थानी आहेत. खलाशांच्या मुकादमाची, सारंगाची हाक कानावर येते, तिच्यामागून त्याच्या हाताखालच्या तांडेलाची. अशा जहाजांवर कोकणातले, चितगाव-सिल्हेटकडचे खलाशी आणि गोव्याचे स्टुअर्ड वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. पगार ब्रिटिश खलाशाच्या मानाने फारच तुटपुंजा. टॉर्पेडो मात्र पगार बघून लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ताफ्यासोबत पूर्वेकडे चालला आहात. ताफ्याचं नाव केएमएफ-२६. समुद्र खवळलेला, लाटा उंच. अल्जेरियाच्या बुजी बंदरापासून थोडं पुढे, दुपार कलताना जर्मन विमानं येतात. तोफा धडधडू लागतात. सैनिकांना खाली धाडलं जातं. तुम्ही कठड्याला धरून वर बघता.

लांबवरच्या एका विमानाच्या पोटाखालून काहीतरी सुटतं. बॉम्बसारखं ते सरळ खाली पडत नाही. त्याला पंख आहेत, शेपटीला उजेड आहे, आणि ते वळतं. चुकणार असं वाटतं तेवढ्यात दिशा सावरून घेतं. हेन्शेल २९३ हे त्याचं नाव. विमानात बसलेला माणूस छोट्या दांड्याने, बिनतारी लहरींवरून ते हाकतो आहे, आणि शेपटीचा उजेड आहे तो त्यालाच दिसावं म्हणून. या शस्त्राने पहिली युद्धनौका बुडवली त्याला अजून तीन महिनेच झाले आहेत. भोवतीच्या या पोरांनी असलं काही ऐकलेलंही नाही.

पाच वाजून गेल्यावर ते डाव्या बाजूने आत शिरतं आणि इंजिनखोलीत फुटतं. दिवे जातात. खालून आग वर येते. डाव्या बाजूच्या काही होड्यांच्या चिंधड्या उडाल्या आहेत. उरलेल्यांपैकी काहींचे दोर आणि कप्प्या गंजून अडकल्या आहेत, काही भरून खाली सोडताना उलटतात. बावीस होड्या असलेल्या जहाजावरून धड अशा जेमतेम काहीच पाण्याला लागतात.

आता सैनिकांच्या कमरेकडे बघा. जीव वाचवायला दिलेला पट्टा गॅसने फुगतो. तो काखेखाली वर ओढून घ्यायचा असतो. पण अनेकांनी तो कमरेलाच ठेवला आहे. पाण्यात पडताच अंग उलटं होतं, डोकं खाली, पाय वर. लाटेच्या तडाख्यात सरळ व्हायला जमत नाही. नीट शिकवलं असतं तर यातले कितीतरी जगले असते, आणि हे मला फार जाचतं.

'रोहना' मागच्या बाजूने खचत जाते आणि तास-दीड तासात बुडते. अंधार पडला आहे. 'पायोनिअर' नावाची अमेरिकन सुरुंग-साफ करणारी छोटी नौका लाटांत हेलकावे खात दोर फेकते आहे. तिने ६०६ जणांना वर ओढलं. इतर जहाजांनीही जमेल तितके उचलले. एकूण ११३८ माणसं गेली. त्यांत १०१५ अमेरिकन. जहाजाचे खलाशी शंभराहून अधिक.

पुढचं तुम्हाला डेकवरून दिसणार नाही. लहरींवर हाकल्या जाणाऱ्या बॉम्बचा परिणाम शत्रूला कळू नये म्हणून अमेरिकेने ही घटना दडवली. घरच्यांना मुलगा कसा गेला हे कित्येक दशकं कळलं नाही. अमेरिकन काँग्रेसने या मृतांची दखल घेतली ती २००० साली. वाचलेल्या काही अमेरिकनांनी पुढे हिंदुस्थानी खलाशांवर ठपका ठेवला की तेच आधी होड्यांत शिरले. गोंधळ झाला असेल. पण बॉम्ब फुटला तो इंजिनखोलीत, बॉयलर पेटते ठेवणाऱ्या आगवाल्यांपाशी, आणि शंभरावर खलाशी परत आलेच नाहीत, हेही त्याच वेळी सांगायला हवं होतं. त्या आठवणींतून खलाशांची बाजू ऐकू येत नाही. मला हे न्याय्य वाटत नाही.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना कबर मिळाली नाही अशा सहा हजारांवर हिंदुस्थानी दर्यावर्दींचं स्मारक आहे, त्यांच्या नावांची वही आहे. 'रोहना'च्या खलाशांची नावं तिच्यात आहेत. सीएसएमटीहून एकच स्टेशन. एकदा जाऊन वाचा.