इटास्काच्या काठी

मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात इटास्का नावाचे सरोवर आहे. मिसिसिपी नदी तेथे उगम पावते. एका उन्हाळ्यात आम्ही तिघांनी त्या सरोवराजवळच्या कॅम्पग्राउंडवर, भाड्याने घेतलेल्या आरव्हीत, तीन रात्री काढल्या. मिनीॲपोलिसपासून हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे. शेवटच्या तासाभरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइन आणि बर्च यांखेरीज फारसे काही दिसत नाही. अमेरिकन माणसे या सगळ्या पट्ट्याला ‘नॉर्थ वूड्स’ म्हणतात आणि म्हणताना त्यांचा आवाज जरा हळुवार होतो. आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. अरण्यात गेलो तरी आधी वाचलेले अरण्यच पाहतो. ‘मानवी स्पर्श न झालेला निसर्ग’ ही कल्पना सामानाबरोबर घेऊनच आम्ही निघालो होतो.

पहिला धक्का उगमापाशीच बसला. त्र्यंबकेश्वर किंवा महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला नदीच्या उगमाशी देऊळ, कुंड, निदान एखादे गोमुख तरी असणार असे वाटते. येथे एक लाकडी खांब आहे, त्यावर अक्षरे कोरलेली आहेत, आणि पोहण्याच्या कपड्यांतली मुले गुडघाभर पाण्यात ओळीने मांडलेल्या दगडांवरून मिसिसिपी ओलांडत असतात. दृश्य फार प्रसन्न आहे. पण हे दगड निसर्गाने मांडलेले नाहीत. पूर्वी सरोवराचे पाणी दलदलीतून कसेबसे बाहेर पडत असे. एवढ्या मोठ्या नदीला असा उगम शोभत नाही असे वाटून १९३० च्या दशकात दलदलीत भराव टाकण्यात आला, नवा प्रवाह खोदण्यात आला आणि काँक्रीटचा बांध घालून तो दगडांनी झाकण्यात आला. आम्ही ज्याला उगम म्हणून हात जोडले (जोडले खरे, सवयीने) तो संपादित उगम होता.

मग नावाकडे वळणे आलेच. ‘इटास्का’ हा शब्द ऐकताच कोणत्या तरी मूलनिवासी भाषेतला वाटतो. तशी दंतकथाही आहे: इटास्का नावाच्या मुलीच्या अश्रूंतून ही नदी निघाली, असे ती सांगते. वस्तुस्थिती वेगळी आहे. सरकारच्या वतीने मूलनिवासी जमातींशी व्यवहार पाहणारा अधिकारी हेन्री रो स्कूलक्राफ्ट १८३२ साली या सरोवरापर्यंत पोचला. ‘पोचला’ म्हणण्यापेक्षा त्याला आणले गेले, असे म्हणणे न्याय्य होईल. वाट दाखवणारा ओझाविंडिब हा ओजिब्वे जमातीचा प्रमुख होता आणि त्याच्या लोकांना हे सरोवर चांगले ठाऊक होते. त्यांच्या भाषेत त्याला एल्क हरणांचे सरोवर असे नावही होते. स्कूलक्राफ्टला मात्र नवे नाव हवे होते. त्याने बरोबरच्या विल्यम बाउटवेल या मिशनऱ्याला ‘खरा उगम’ याचे लॅटिन विचारले. बाउटवेलला ‘सत्य’ आणि ‘मस्तक’ एवढे दोनच शब्द सुचले: व्हेरिटास, कापुट. पहिल्याचे डोके आणि दुसऱ्याचे शेपूट कापून, उरलेले जोडून ‘इटास्का’ तयार झाले. लॅटिनच्या व्याकरणात ही जोडी बसतही नाही. स्कूलक्राफ्टला अशा कारागिरीचा नादच होता. मिशिगनमधल्या अल्पेना, आल्कोना, टस्कोला अशा कित्येक परगण्यांची नावे त्याने वेगवेगळ्या भाषांचे तुकडे सांधून बनवली. ओजिब्वेंचे ‘एल्क सरोवर’ हे नाव पुढे शेजारच्या एका लहान तळ्याला देण्यात आले.

कॅम्पग्राउंडकडे परत येताना आम्हांला शेजारच्या जागेतली जुनी, लांबलचक मोटरहोम दिसली. तिच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘इटास्का’ असे लिहिलेले होते. आधी वाटले, मालकाने हौसेने लिहून घेतले असावे. तसे नव्हते. आयोवा राज्यातल्या विनेबेगो या कंपनीने १९७५ पासून कित्येक वर्षे या नावाच्या गाड्या काढल्या. खुद्द ‘विनेबेगो’ हे कंपनीने आपल्या परगण्यावरून घेतलेले नाव, आणि परगण्याला ते मिळाले हो-चंक लोकांवरून. हो-चंक स्वतःला विनेबेगो म्हणत नसत. शेजारच्या जमातींनी दिलेले ते नाव, अर्थ साधारण ‘घाण पाण्याकाठचे लोक’ असा. स्कूलक्राफ्ट इटास्काला आला त्याच १८३२ साली या लोकांना विस्कॉन्सिनमधल्या आपल्या भूमीचा मोठा भाग करारान्वये सोडावा लागला. त्यानंतर तीसेक वर्षे त्यांना आयोवा, मिनेसोटा, डकोटा असे हलवले जात राहिले. काही नेब्रास्कात स्थिरावले, काही पुन्हापुन्हा चोरवाटांनी विस्कॉन्सिनला परतले. ज्यांना कुठेच राहू दिले नाही त्यांचे नाव, आज हौसेने कुठेही जाऊन राहण्याच्या वाहनाला! आम्हीही भाड्याने आणलेल्या तशाच एका वाहनात निजत होतो, हे सांगितलेच पाहिजे.

आपली गाडी उभी करण्याची जागासुद्धा कोणीतरी लिहून ठेवलेली असते, हे आम्हांला तेथेच कळले. एकेरी वळणाचा रस्ता, त्याला फुटलेले छोटे फाटे, प्रत्येक फाट्यावर एक टेबल आणि एक चूल, ही आखणी मुळात एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाची. मोटारी वाटेल तशा घुसून मुळांवरची माती घट्ट करतात आणि झाडे मरतात, असे पाहून त्याने १९३२ मध्ये ती मांडली. आमच्या खिडकीबाहेरचा पाइन उभा होता, त्यात त्याचाही वाटा असेल.

इतर पाइन कसे उरले? १८९१ साली हे उद्यान जाहीर झाले तरी लाकूडतोड थांबली नव्हती. ओंडके वाहून नेण्यासाठी कंपन्या बांध घालून सरोवराचे पाणी चढवीत आणि काठची झाडे बुडत. १९०३ मध्ये मेरी गिब्ज या चोवीस वर्षांच्या तरुणीकडे, वडिलांच्या मृत्यूनंतर, उद्यानाचा तात्पुरता कारभार आला. बंदूकधारी माणसांसमोर उभी राहून तिने बांधाचे दरवाजे उघडण्याचा आग्रह धरला. तिची कारकीर्द काही आठवड्यांचीच ठरली. तोड पुढेही बरीच वर्षे चालू राहिली.

आम्ही मात्र तिसऱ्या रात्री वेगळ्याच स्त्रीचा विचार करीत होतो. स्कूलक्राफ्टची पत्नी जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्ट ही ओजिब्वे आई आणि आयरिश वडील यांची मुलगी, जन्म १८००, सू सेंट मरीची. तिचे ओजिब्वे नाव बामेवावागेझिकाक्वे. ती दोन्ही भाषांत कविता करी. १८२६-२७ च्या हिवाळ्यात स्कूलक्राफ्टने एक हस्तलिखित नियतकालिक चालवले, त्यात तिच्या कविता आणि ओजिब्वे कथा टोपणनावांनी आल्या. आपल्याकडच्या कॉलेजांतली हस्तलिखिते आठवावीत. इटास्काच्या मोहिमेत दुभाषा म्हणून गेला तो तिचाच भाऊ जॉर्ज. १८३९ मध्ये स्कूलक्राफ्टने मूलनिवासी कथांचे दोन खंड आपल्या नावाने प्रसिद्ध केले. त्यातले पुष्कळ साहित्य जेनचे आणि तिच्या माहेरचे होते. लाँगफेलोने १८५५ साली ‘हायावाथा’ रचले ते मुख्यतः स्कूलक्राफ्टच्या लेखनाच्या आधारे. त्याच वर्षी झालेल्या कराराने मिसिसिपीच्या उगमाचा हा सगळा प्रदेश ओजिब्वेंच्या हातून गेला. त्यांची कथा घरोघर वाचली जाऊ लागली आणि त्यांची जमीन गेली, ही दोन्ही कामे एकाच वर्षात झाली. जेन तोवर नव्हती. ती १८४२ मध्येच वारली होती. तिचे समग्र लेखन रॉबर्ट डेल पार्कर यांनी संपादित करून २००७ साली काढले, म्हणजे तब्बल १६५ वर्षांनी.

ते पुस्तक आमच्याबरोबर होते. लहानपणी वडिलांबरोबर समुद्रापार जाऊन आलेली जेन परतीच्या वाटेवर पाइन पाहून हरखली होती. त्यावर तिची एक ओजिब्वे कविता आहे. दुसरी कविता १८३९ ची, दोन मुलांना पूर्वेकडच्या निवासी शाळेत ठेवून एकटीने घरी परतताना केलेली. मुलांना दूर पाठवण्याचा आग्रह नवऱ्याचा. तिचे इंग्रजी यमकबद्ध रूपांतरही नवऱ्याचेच, आणि त्यात कर्तव्याची जी भाषा येते ती मुळात नाही. नव्या आवृत्तीतले शब्दशः भाषांतर वाचले की मूळ किती थोडक्या शब्दांत उभे आहे ते दिसते: मुले मागे राहिली, मी माझ्या भूमीकडे चालले, मन दुखते. भाषांतराचा तास घेणाऱ्यांनी हे दोन पाठ शेजारी ठेवून पाहावेत.

त्या संध्याकाळी जवळच्या गावातून आणलेल्या वन्य तांदळाची आम्ही खिचडी टाकली होती. ओजिब्वे त्याला मनोमिन म्हणतात. सरोवरांत होडी घालून तो झोडून घेतात आणि त्या हक्कासाठी आजही भांडतात. आपल्या तांदळाच्या अंदाजाने पाणी घातल्यामुळे तो तासभर शिजेना. सरोवरावर लून पक्षी ओरडत होता, बाहेर डास होते. वाट पाहता पाहता आमच्यापैकी एकीने पुस्तक उघडले आणि रोमन लिपीतली ओजिब्वे कविता मोठ्याने वाचायला घेतली. उच्चार चुकत होते. अर्थ पानाच्या खाली होता, पण तो आम्ही वाचला नाही. ती दोनदा वाचून झाली तेव्हा कुकरची तिसरी शिटी झाली.