बुजगावण्याचं कूळ आणि मूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं म्हणतात. बुजगावण्याच्या बाबतीत असा निषेध कोणी केलेला माझ्या वाचनात नाही. म्हणून निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी मी ते शोधायला बसलो. "एवढ्या वेळात माळा आवरून झाला असता," असं सौभाग्यवतींचं मत पडलं. माळ्याशी या विषयाचा संबंध आहेच, पण तो पुढे येईल.

बैल बुजतो, घोडा बुजतो, आणि पाखरांना बुजवायला उभं करतात ते बुजगावणं. हल्ली हा शब्द शेतापेक्षा अग्रलेखांतच जास्त उभा असतो, आणि तिथेही तो हात पसरूनच असतो. संस्कृतात शेत राखणाऱ्या गवताच्या माणसाला 'चञ्चा' म्हणतात. आपल्या व्याकरणकारांची कमाल अशी, की त्यांनी याचाही नियम करून ठेवला. पाणिनीच्या मते घोड्याच्या प्रतिकृतीला 'अश्वक' म्हणायचं, म्हणजे मागे 'क' लावायचा. पण माणसालाच उपमा द्यायची असेल तर प्रत्यय गाळावा. काशिकावृत्तीत त्याचं उदाहरणच 'चञ्चा' असं दिलं आहे. म्हणजे एखादा गृहस्थ गवताच्या बाहुल्यासारखा नुसता उभा असेल, तर त्याला उगाच शेपूट न लावता सरळ 'चञ्चा' म्हणून मोकळं व्हावं. पस्तीस वर्षं कचेरीत काढली. हे सूत्र आधी ठाऊक असतं तर वरिष्ठांपुढे संस्कृतात बोललो असतो.

रोमन लोकांनी तर या पदावर देवच नेमला होता. त्याचं नाव प्रायापस. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या होरेस कवीने याच्या तोंडून एक विडंबन लिहिलं आहे. हा देव म्हणतो, मी मूळचा अंजिराचा एक निरुपयोगी ओंडका. सुताराला प्रश्न पडला, की याचा बाक करावा की देव? शेवटी देव झाला, आणि डोक्यावर बोरू खोवून पाखरं हाकायला बागेत उभा राहिला. बाक झाला असता तर निदान लोक त्याच्यावर टेकले तरी असते!

जपान्यांचा मान त्याहून मोठा. सन ७१२ मधल्या 'कोजिकी' या ग्रंथात कुएबिको नावाचा बुजगावणेदेव आहे. त्याला चालता येत नाही, पण जगातलं सगळं ठाऊक असतं. आमच्या बागेतल्या कट्ट्यावर असे सहाजण रोज संध्याकाळी बसतात.

पण या देवादिकांत एक गोष्ट झाकली जाते. राखणीचा खरा भार बुजगावण्यावर कधीच नव्हता. पाखरं दोन-चार दिवसांत त्याला ओळखतात आणि मग त्याच्याच खांद्यावर बसून कणसं न्याहाळतात. खरी राखण करायची माणसांनी, आणि तीही ज्यांच्या वेळेला मोल नाही अशा माणसांनी. कालिदासाच्या 'रघुवंशा'त उसाच्या सावलीला बसून भात राखणाऱ्या बायका आहेत. त्या रघुराजाची कीर्ती गातात. कवीला गाणं ऐकू आलं. दिवसभर ओरडून घसा बसला की गाणं कसलं सुचतंय?

इंग्लंडात हे काम पोरांचं. वॉरविकशरमधला जोसेफ आर्च नवव्या वर्षी कावळे हाकायला लागला. दिवस बारा तासांचा, मजुरी चार पेनी. याच पोराने पुढे १८७२ मध्ये शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभारली आणि १८८५ मध्ये पार्लमेंटात जाऊन बसला. एवढा आवाज कमावल्यावर तो कुठेतरी ऐकू जायचाच.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, पार्लमेंटात गेले नाहीत. ते मंगळवेढ्याकडचे, ज्वारीच्या मुलखातले. कणीस दुधात आलं, की भोरड्यांचे थवे उतरायचे. आभाळ काळं करून यायचे आणि ताटं मोकळी करून जायचे. मग चार खांबांवर माळा बांधायचा (हाच तो माळा), आणि दहा वर्षांच्या अण्णांनी गोफण आणि पत्र्याचा डबा घेऊन त्यावर चढायचं. सुगी संपेपर्यंत शाळा बंद. चौथीत त्यांची दोन वर्षं गेली ती भोरड्यांपायी. अण्णांचा आवाज जन्मभर घोगरा होता. तंबाखूने झाला असेल असं आम्हा पोरांना वाटायचं. पण त्यांनी तंबाखूला कधी हात लावला नव्हता.

त्यांनी स्वतः एक बुजगावणं केलं होतं. आडवी-उभी काठी, कडब्याचं पोट, वर चुन्याने डोळे काढलेलं मडकं. नाव बाबूराव. एकदा परीक्षेच्या दिवशी अण्णांनी अंगातला सदरा काढून बाबूरावांना घातला. पोरगं माळ्यावरच आहे असं भोरड्यांना वाटावं, हा हेतू. आणि स्वतः उघड्या अंगाने शाळेत गेले. सदरा नाही म्हणून मास्तरांनी परत पाठवलं. अण्णा हे सांगताना हसायचे. "बाबूराव मात्र त्या दिवशी पास झाले हो," म्हणायचे. "एक दाणा जाऊ दिला नाही!"

गेल्या ऑक्टोबरात आम्ही लेकीकडे न्यू जर्सीला होतो. तिकडे सुगीच्या दिवसांत दारात भोपळे मांडून शेजारी बुजगावणं ठेवायची पद्धत. शेत नाही, पीक नाही. पेंढ्याची गठडीसुद्धा दुकानातून विकत. जावयांची जीन, माझा जुना सदरा आणि पेंढा जमवून मी नि नात कामाला लागलो. बाहीत काठी घालून हात कसे ताठ करायचे, सुतळीने मनगट कसं आवळायचं, हे मी अण्णांकडून शिकलेलं. ते साठ वर्षांनी कामी आलं. तोंड रंगवायची वेळ आली तेव्हा नातीने त्याला कानापर्यंत हसू काढलं.

"अगं, हसणाऱ्याला कोण घाबरेल?" मी म्हटलं.

"आजोबा, पण आपल्याला कुणाला घाबरवायचंच नाहीये."

मग तिने त्याला चक्क खुर्चीत बसवलं, पायावर पाय टाकून. नाव मी सुचवलं. शेजारच्या बाई त्याला 'बाबू-रो' म्हणत जाता-येता हात करू लागल्या.

पाचव्या दिवशी सकाळी एक खार बाबूरावांच्या मांडीवर बसून बाहीतला पेंढा ओढत होती. नातीने खिडकीवर टकटक केलं, जावयांनी टाळ्या वाजवल्या. खार ढिम्म. मी दार उघडून बाहेर गेलो आणि अण्णांची ती माळ्यावरची आरोळी पोटातून ठोकली. खार तर पळालीच. समोरून येणारा पोस्टमनही फाटकापाशी थबकला आणि आमची पत्रं तिथूनच मला दाखवू लागला.